गावच्या घराची घरपट्टी: भरण्याआधी एकदा वाचा

(हा भाग आधी बोलून रेकॉर्ड केलाय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा आकडे शांतपणे बघायचेत, त्यांच्यासाठी तोच मजकूर थोडा नीटनेटका करून इथे देतोय.)

 

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावतील, मला माहितीये. विषय आहे घरपट्टी. आणि तीही शहरातल्या फ्लॅटची नाही, गावच्या घराची, म्हणजे ग्रामपंचायतीची घरपट्टी. पण जरा थांबा. तुमचं गावाकडे घर असेल, मग ते स्लॅबचं असो, पत्र्याचं असो नाहीतर अर्धं पडलेलं असो, तर आज वीस मिनिटं द्या. कारण हा विषय वाटतो पैशांचा, पण शेवटी तो येऊन पोचतो नावापाशी.

माझ्या घरी घरपट्टी कशी भरली जायची ते सांगतो. वर्षातून एकदा बाबांचा व्हॉट्सअॅपवर फोटो यायचा. एक चुरगळलेलं बिल आणि खाली मेसेज, ‘घरपट्टी आलीये, बघ.’ मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये बसून आकडा बघायचो, तेवढे पैसे पाठवायचो आणि चहा संपवायचो. तीन-चार वर्षं असंच चाललं. बिलावर वरती काय लिहिलंय ते मी कधी वाचलंच नाही.

मग दोन वर्षांपूर्वी घराचं छप्पर बदलायचं ठरलं. त्यासाठी कर्ज हवं होतं. बँकेने कागदांची यादी दिली, त्यात दोन नावं होती: ‘नमुना ८ चा उतारा’ आणि ‘येणे बाकी नसल्याचा दाखला’. मी गावी गेलो, ग्रामपंचायतीतून उतारा घेतला आणि पहिल्यांदा नीट वाचला.

घर होतं आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. घराच्या क्षेत्रफळात मागची पडवी धरलेली होती, जी एका पावसाळ्यात पडली आणि पुन्हा बांधलीच नाही. आणि पुढच्या खोलीपुढे वापर लिहिला होता ‘दुकान’. तिथे आजोबांची पिठाची गिरणी होती. मी शाळेत असतानाच ती बंद झाली.

म्हणजे आम्ही इतकी वर्षं नसलेल्या पडवीचा आणि बंद गिरणीचा कर भरत होतो. तोही जिवंत नसलेल्या माणसाच्या नावाने. मला पहिल्यांदा ग्रामपंचायतीचाच राग आला. मग लक्षात आलं की पडवी पडली, गिरणी बंद झाली, आजोबा गेले, यातली एकही गोष्ट आम्ही लेखी कळवलीच नव्हती. गावाला सगळं माहीत होतं. कागदाला माहीत नव्हतं.

तर आज आपण तो कागद वाचायला शिकू. पायरीपायरीने जाऊ.

घरपट्टी कोण लावतं आणि कशावर

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींचा कारभार चालतो तो १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमावर. त्यातल्या कलम १२४ ने ग्रामपंचायतीला कर आणि फी लावायचा अधिकार दिलाय. इमारती आणि ज्या जमिनींवर शेतीचा आकार बसत नाही अशा जमिनी, यांच्यावर हा कर बसतो. म्हणजे शेताचा सारा वेगळा, तो महसूल खात्याचा, तलाठ्याकडे जातो. घरपट्टी ही ग्रामपंचायतीची. दोन्हीची पावती वेगळी आणि दप्तरही वेगळं. सातबारा म्हणजे शेताचा कागद आणि नमुना ८ म्हणजे घराच्या कराचा कागद, एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

इथे एक प्रश्न नेहमी येतो: ‘आम्ही तर तिथे राहतच नाही, घराला कुलूप आहे, मग कर कशाला?’ तर हा कर राहण्यावर नाही, इमारतीवर आहे. कुलूप असलं तरी इमारत आहेच. नळाचं कनेक्शन वापरात नसेल, तर ते बंद करायचा लेखी अर्ज करता येतो. पण नुसतं कुलूप लावलं म्हणून घरपट्टी थांबत नाही.

आकडा येतो कुठून

आता गणित. घाबरू नका, चौथीपर्यंतचा गुणाकार येत असला तरी पुरे.

पूर्वी बऱ्याच ठिकाणी घरपट्टी नुसत्या क्षेत्रफळावर निघायची. इतके चौरस फूट, इतका दर, झालं. ती पद्धत न्यायालयात टिकली नाही. मग राज्य सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कर व फी नियमांत दुरुस्ती केली आणि भांडवली मूल्याची पद्धत आणली. भांडवली मूल्य म्हणजे सरकारी दराने तुमच्या घराची काढलेली किंमत.

ती अशी निघते. दोन भाग करायचे. पहिला भाग जमिनीचा: घराचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर. दुसरा भाग बांधकामाचा: तेच क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा. दोन्हींची बेरीज करायची आणि तिला वापराच्या भारांकाने गुणायचं.

यातले दर कुठून येतात? मुद्रांक शुल्कासाठी सरकार दरवर्षी मूल्यदर तक्ते काढतं, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, तिथून. घसारा म्हणजे घर जुनं झालं की किंमत उतरते त्याचा हिशोब. नवीन घराचं बांधकाम शंभर टक्के धरतात, मग वय वाढेल तसे टक्के कमी होत जातात. आणि भारांक म्हणजे घर कशासाठी वापरता त्याचं वजन. राहत्या घराला १. दुकान किंवा कारखाना असेल तर एकपेक्षा जास्त.

आता उदाहरण घेऊ. यातले सगळे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे दर वेगळे असतील.

समजा घर ५० चौरस मीटरचं, म्हणजे साधारण ५४० चौरस फूट. जमिनीचा दर चौरस मीटरला ५०० रुपये. ५० गुणिले ५००, झाले २५,००० रुपये. बांधकामाचा दर चौरस मीटरला १५,०००. ५० गुणिले १५,०००, झाले साडेसात लाख. घर जुनं आहे, घसाऱ्यानंतर ८० टक्के किंमत धरली, म्हणजे सहा लाख. बेरीज सव्वा सहा लाख. राहतं घर आहे, भारांक १, म्हणून भांडवली मूल्य ६,२५,०००.

आता यावर कर किती? दर असतो प्रत्येक हजार रुपयांमागे पैशांत. मातीचं घर, दगड-विटांचं घर, आरसीसी घर, प्रत्येक प्रकाराला सरकारने किमान आणि कमाल दर ठरवून दिलाय. त्या दोन्हींच्या मधला कोणता दर लावायचा ते ग्रामपंचायत ठराव करून ठरवते. समजा तुमच्या ग्रामपंचायतीने हजाराला १ रुपया २० पैसे ठरवला. ६२५ गुणिले १.२०, म्हणजे वर्षाला ७५० रुपये.

बस, एवढंच.

आता याच घरात पडलेली पडवी धरा. ५० च्या जागी ६२ चौरस मीटर लिहिलंय. तेच दर, तेच गुणाकार. कर येतो ९३० रुपये. वर्षाला १८० रुपये जास्त. कोणी म्हणेल, एका पिझ्झाचे पैसे आहेत. बरोबर. पण दहा वर्षांचे १,८०० होतात, आणि ज्या घरात म्हातारी एकटी राहते आणि निराधार योजनेच्या पैशांवर घर चालवते, तिथे हा आकडा पिझ्झाचा राहत नाही.

बिलावरच्या बाकीच्या ओळी

बिलात घरपट्टी एकटी नसते. तिच्याखाली दिवाबत्ती कर असतो, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांसाठी. आरोग्य कर असतो, म्हणजे गटारं, स्वच्छता यांसाठी. आणि पाणीपट्टी. पाणीपट्टीत दोन प्रकार दिसतील: सामान्य आणि विशेष. सार्वजनिक नळाचं पाणी असेल तर सामान्य, घरात स्वतंत्र नळ असेल तर विशेष. नळ कनेक्शन कधीच तोडलंय आणि तरी विशेष पाणीपट्टी येतेय, असं असेल तर तेही विचारायची जागा हीच.

शेजारी दोन रकाने असतात: मागील बाकी आणि चालू मागणी. बरेच जण एकूण रक्कम बघून घाबरतात. ‘एवढी घरपट्टी?’ तर थांबा, आधी मागील बाकी किती ते बघा. ती भरल्याची जुनी पावती तुमच्याकडे असेल, तर ती दाखवून बाकी दुरुस्त करून घेता येते. म्हणून पावत्या जपा. फोनमध्ये एक फोल्डर करा, ‘गावचं घर’ असं नाव द्या, आणि प्रत्येक पावतीचा फोटो त्यात टाका. पत्र्याच्या पेटीतल्या पावत्यांना वाळवी लागते.

वेळेत भरलं तर पाच टक्के सूट आणि वर्ष उलटून गेलं तर पाच टक्के दंड अशी पद्धत आहे. सुटीची शेवटची तारीख बिल हातात आलं की लगेच विचारून घ्या.

८, ९ आणि १०

ग्रामपंचायतीच्या दप्तराला नमुने असतात. आपल्याला तीन पुरेत.

नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. घर कोणाचं, किती मोठं, कशाचं बांधलेलं, कधी बांधलेलं, कशासाठी वापरतात आणि त्यावर कर किती, हे सगळं इथे असतं. मूळ हे आहे.

नमुना ९ म्हणजे कर मागणी नोंदवही. कोणाकडून किती येणं आहे, मागचं किती, चालू किती, त्याची वही. आपल्या हातात बिल पडतं ते इथून.

नमुना १० म्हणजे कर भरल्याची पावती.

आपण काय करतो? ९ बघून वैतागतो, १० घेऊन घरी येतो आणि ८ कधी उघडतच नाही. चूक असते ती आठमध्ये. आठ दुरुस्त केल्याशिवाय नऊ कधीच बरोबर येणार नाही.

उतारा मागायला लाजायचं कारण नाही. नमुना ८ चा उतारा आणि येणे बाकी नसल्याचा दाखला या दोन्ही सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. म्हणजे ठरलेल्या मुदतीत देणं हे कार्यालयाचं काम आहे, कोणी उपकार करत नाही. अर्ज करा, पोच घ्या.

चार गोष्टी तपासा

उतारा हातात आला की चार गोष्टी बघा.

एक, नाव. घर कोणाच्या नावावर आहे? तो माणूस हयात आहे का?

दोन, क्षेत्रफळ. टेप घ्या आणि मोजा. खरंच मोजा. फोनवर मोजायची अॅप्स असतात, पण भिंतीला टेप लावून मोजलेल्याची सर त्याला नाही. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं. पोरांना मजा येते.

तीन, बांधकामाचा प्रकार आणि वर्ष. पत्र्याच्या घराला आरसीसी लिहिलं तर दर वाढतो. १९८५ चं घर २००५ चं लिहिलं तर घसारा कमी मिळतो, किंमत जास्त धरली जाते.

चार, वापर. बंद पडलेलं दुकान, बंद गिरणी, गोठ्याची खोली. जे आहे तेच लिहिलेलं असलं पाहिजे.

आता प्रामाणिकपणे एक सांगतो. कधी कधी चूक आपल्या फायद्याची असते. वर एक मजला चढवलाय आणि नोंद खालच्याच मजल्याची आहे. मग आपण गप्प बसतो. पण पुढे कर्ज काढायचं असेल, घर विकायचं असेल किंवा रस्ता रुंदीकरणात भरपाई मागायची असेल, तेव्हा कागदावर नसलेला मजला दाखवणं फार जड जातं. नोंद दोन्ही बाजूंनी खरी असलेली बरी.

चूक दिसली तर

साधा लेखी अर्ज करायचा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या नावे, ज्यांना आपण अजूनही ग्रामसेवकच म्हणतो. मिळकत क्रमांक लिहायचा, काय चुकलंय आणि खरं काय आहे ते लिहायचं, फोटो जोडायचे, प्रत्यक्ष मोजणी करा असं म्हणायचं आणि पोच घ्यायची. पोच म्हणजे आपल्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का. तोंडी सांगितलेलं चहाबरोबर विरून जातं.

दुसरी संधी येते फेरआकारणीच्या वेळी. दर चार वर्षांनी घरांची नव्याने आकारणी होते, यादी लागते, आणि तिच्यावर हरकती मागवतात. ही यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते आणि बहुतेक जण ती वाचत नाहीत. गावचा व्हॉट्सअॅप ग्रुप इथे खरा उपयोगी पडतो. सकाळच्या सुविचारांच्या मध्ये एकदा तरी कोणी ही नोटीस टाकली पाहिजे. ती तुम्ही टाका.

हरकत फेटाळली गेली तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. म्हणजे ग्रामपंचायतीचा शब्द शेवटचा नाही.

माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्यासाठी राज्य सरकारची घरपट्टी माफीची योजना आहे. घरात कोणी असेल तर चौकशी करा. ही माफी आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो.

आणि भरलंच नाही तर?

कायद्याच्या कलम १२९ मध्ये वसुलीचा रस्ता दिलाय. आधी बिल, मग मागणीचा लेख, आणि तरीही नाही भरलं तर जंगम मालमत्तेची जप्ती. जप्तीपर्यंत गोष्टी क्वचित जातात. पण आणखी एक कलम आहे, जे गावात फार गाजतं: कलम १४. बिलाने मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर भरला नाही, तर तो माणूस सदस्य म्हणून अपात्र ठरू शकतो. तुमच्यातल्या कोणाला पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं असेल, तर बॅनर छापायच्या आधी घरपट्टी बघा. अर्ज छाननीच्या दिवशी समोरची पार्टी तीच बघते.

पैसा जातो कुठे

‘भरून काय उपयोग, गटार तर तसंच आहे.’ हे मी पण म्हटलंय. पण जरा हिशोब बघा. ग्रामपंचायतीला केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी येतो. १५ व्या वित्त आयोगात २०२१ पासून त्यातला ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. गावाला जो पैसा स्वतःच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, त्यात घरपट्टीचा वाटा महत्त्वाचा. बंद पडलेला दिवा बदलायचा, अंगणवाडीचं दार दुरुस्त करायचं, शिपायाचा पगार द्यायचा, अशी कामं त्यातून निघतात.

आणि या स्वतःच्या उत्पन्नातूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते झाले का, हे विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा. वर्षाला किमान चार होतात. पावती खिशात ठेवून ‘आमच्या पैशाचं काय केलं?’ असं विचारलेलं वेगळंच ऐकू येतं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज

‘घरपट्टी माझ्या नावावर आहे, म्हणजे घर माझं.’

नाही. हे लिहून ठेवा. नमुना ८ हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही. कर कोणाकडून वसूल करायचा एवढंच तो सांगतो. न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. मालकी ठरते खरेदीखत, वारसाहक्क, वाटणीपत्र, बक्षीसपत्र अशा गोष्टींनी.

मग गावठाणातल्या घराला मालकीचा सरकारी कागद कोणता? मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. अडचण ही की बऱ्याच गावठाणांची कधी मोजणीच झाली नव्हती. शेताला सातबारा होता, घराला काहीच नव्हतं. म्हणून तर लोक नमुना ८ लाच मालकी समजायचे, दुसरा कागदच नव्हता. २४ एप्रिल २०२० ला केंद्राने स्वामित्व योजना आणली. ड्रोनने गावठाणाचे फोटो घ्यायचे, हद्दी ठरवायच्या आणि कार्ड द्यायचं. महाराष्ट्रात हे काम त्याच्याही आधी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सोनोरी गावात करून बघितलं होतं. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर कार्ड मागा, आणि त्यावरचं नाव नमुना ८ सारखंच डोळ्यात तेल घालून वाचा. नोंदीच्या वेळी गप्प राहिलेला माणूस नंतर वर्षानुवर्षं फेऱ्या मारतो.

नावाची गोष्ट

आता माझ्या घरी परत येतो.

पडवीचं आणि गिरणीचं काम सोपं निघालं. अर्ज दिला, ग्रामपंचायतीचा माणूस टेप घेऊन आला, मी एक टोक धरलं. पडवी कमी झाली, ‘दुकान’ खोडून ‘निवासी’ झालं. जुने जास्तीचे पैसे परत मिळाले नाहीत, पण पुढचं बिल कमी आलं.

राहिलं नाव. वारस नोंदीसाठी आजोबांचा मृत्यूचा दाखला लागला, वारसांचं प्रतिज्ञापत्र लागलं आणि बाकी शून्य असल्याची पावती. बाबा म्हणाले, ‘माझं नाव लाव. मीच भरतोय इतकी वर्षं.’ मला पण तेच बरोबर वाटलं. फॉर्म भरायला बसलो तर त्यात रकाना होता: मयताचे सर्व वारस.

मला दोन आत्या आहेत. आजी तर आजोबांच्या आधीच गेली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी ही मुलाइतकीच वारस आहे. २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीतही तिला जन्मापासून हक्क दिला. म्हणजे कायद्याने हे घर तिघांचं होतं आणि आम्ही अकरा वर्षं ते एकट्या बाबांचं समजत होतो.

बाबा म्हणाले, ‘त्या कशाला मागतील? शंभराच्या स्टॅम्पवर संमती घेऊ.’ मी चौकशी केली. नुसत्या संमतीने घरातला हक्क सुटत नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. ते जिने तिने आपल्या मर्जीने, समजून करायचं असतं.

शेवटी मोठ्या आत्याला फोन केला. फोन मीच केला, कारण बाबांना धीर होईना. मी सगळं सांगितलं, पडवीपासून. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘घर नकोय रे मला. तुझ्या बाबाने सांभाळलंय, त्यालाच असू दे. पण दादा गेल्यावर मला कोणी एकदा विचारलं पण नाही.’ आजोबांना ती दादा म्हणायची.

मला काय बोलावं कळेना. अकरा वर्षं आम्ही बिल वेळेवर भरलं होतं. थकबाकी शून्य होती. पण ही बाकी राहिली होती आणि ती कुठल्याच रकान्यात दिसत नव्हती.

आज आमच्या नमुना ८ वर तीन नावं आहेत. बाबा आणि दोन्ही आत्या. हक्कसोडपत्राचं पुढे बघू, घाई नाही. कर्जाच्या कागदांवर दोघी येऊन सह्या करून गेल्या. धाकटी आत्या उताऱ्यावरच्या आपल्या नावाचा फोटो काढून घेऊन गेली.

आईने तो फोटो बघितला आणि विचारलं, ‘माझं नाव कुठे असतं?’ प्रश्न बरोबर होता. या घरात ती वारस नाही, पण पुढे बाबांच्या नावावर नवं काही झालं तर पती-पत्नी दोघांच्या नावाने नोंद करता येते. तुम्ही गावी नवीन घर बांधत असाल तर पहिल्याच दिवशी अर्जात दोन्ही नावं घाला. नंतर घालू म्हटलं की राहून जातं.

तर मंडळी, गृहपाठ. पुढच्या वेळी सणाला गावी जाल, तेव्हा अर्धा तास काढा. कार्यालय चालू असेल असा वार बघून जा. नमुना ८ चा उतारा घ्या, नाव, क्षेत्रफळ, बांधकाम, वापर या चार गोष्टी तपासा. चूक असेल तर अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि नावाच्या रकान्यात जो माणूस आता नाही, त्याच्या सगळ्या लेकरांना एक फोन करा. लेकींना आधी.

तुमच्या उताऱ्यात काय निघालं ते मला कळवा. मात्र उताऱ्याचा फोटो पाठवताना नावं आणि मिळकत क्रमांक झाका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.